काशीआत्याचं खोटं मयत

उरण, १२ नोव्हेंबर २०२४

प्रिय काशीआत्या,

कागदावरूनच पाया पडतो. फोनवर तुला काही ऐकू जात नाही, कानाचं मशीन तू डब्यात ठेवून दिलंयस, आणि आतोबांकडे निरोप ठेवला तर ते अर्धा विसरतात आणि उरलेला अर्धा मनाने पुरा करतात. म्हणून पत्र.

मी सिनेमा करतोय. हसू नकोस. भुताचा सिनेमा आहे, नाव ‘उधाणाची हळद’. पैसे माझे आणि मित्रांचे, म्हणजे नसल्यातच जमा. कॅमेरा कुलदीपचा, शूटिंग तोच करणार, नंतर कापाकापीही तोच करणार. कल्पिता कपडे बघते आणि वडापाव आणायलाही तीच जाते. गोष्ट अशी, की एका बाईचं मयत खाडीकाठाने नेत असताना उधाण येतं आणि लोक तिरडी टाकून पळतात. पुढे तिच्या मुलीची हळद असते, तेव्हा धवला म्हणायला ती चिखलातून उठून येते. धवला म्हणजे काय हे मला कुलदीपलाही सांगावं लागलं. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात बाया लांबलचक गाणी म्हणतात, ती पुरी झाल्याशिवाय हळद लागत नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, मग हल्ली कशी लागते?

मेलेल्या बाईच्या कामाला मुंबईहून एक नटी आणली होती. पहिल्याच दिवशी खाजणाच्या चिखलात तिचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पाय वर आला, चप्पल आली नाही. ‘जेवून येते’ म्हणून गेली आणि घरी पोचल्यावर फोन केला. आता माझ्याकडे तिरडी आहे, पण मयत नाही.

आपल्या मिठागरात शूटिंग जमत नाही. भूत उभं केलं की मागे कंटेनर दिसतात आणि ट्रेलरवाले हॉर्न मारून त्यालाच बाजूला व्हायला सांगतात. म्हणून तुमच्या बोर्लीजवळच्या खाडीवर करतोय. तू करशील का काम? तिरडीवर पडायचं आणि शेवटी उठून धवला म्हणायचा. सखुआजीचे धवले आता तुझ्याशिवाय येतात कोणाला?

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. जागृतीताईच्या हळदीत तुमचं दोघांचं नक्की काय बिनसलं ते मला अजून कळलेलं नाही. मी तेव्हा गेटवर पाहुण्यांच्या गाड्या लावत होतो.

तुझा,
निकेत

—

बोर्ली पंचतन, २० नोव्हेंबर

निकेत,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. इतक्या वर्षांत आत्याची आठवण झाली ती मयत कमी पडलं म्हणून! जित्या आत्याचं काही अडलंय का, हे विचारायला मात्र तुझ्या पेनातली शाई संपली होती.

हळदीत काय झालं विचारतोस. मग ऐक, आणि नंतर पुन्हा विचारू नकोस. तुझी आजी सखुबाई गावाची धवलारीण. तिने मरताना मला सांगितलं होतं, बाळाजीच्या पोरीच्या हळदीला माझा धवला तू म्हण. मी मांडवात बसून म्हणायला घेतला. तेवढ्यात कोणी पुढारी आला, आणि तुझ्या बापाने डीजेवाल्याला हात केला. एवढा मोठा आवाज झाला, की माझं तोंड उघडं आणि गाणं कुठे गेलं ते माझं मलाच कळेना. आईचा धवला अर्ध्यावर तुटला. मी उठले, पाण्याचा घोट न घेता एसटी स्टँडवर गेले. बाळ्या मागून आला. समजूत काढायला आला असेल असं मला वाटलं, तर चार माणसांत ओरडला, “एवढा मान लागतो तं आता तुज्या दारात येईन तो तुज्या मयतालाच!” मीही त्याचीच बहीण. म्हटलं, “ये. पन हात हलवत येऊ नको, माहेरचं पातळ घेऊन ये.” बाई मेली की तिच्या अंगावर शेवटचं पातळ भावाने आणलेलं पडतं ना, ते.

तेव्हापासून तो त्याच्या शब्दाला आणि मी माझ्या शब्दाला चिकटून आहोत. दोघांचे केस पांढरे झाले. कधी कधी वाटतं, हे असंच राहायचं आणि एक दिवस तो खरंच पातळ घेऊन यायचा, आणि मला ते बघायलाही मिळायचं नाही. हे तुला म्हणून सांगते.

तुझं काम मी करते. अट एकच. धवला पुरा म्हणेन, आणि तू तो पुराच दाखवायचास. तुझे आतोबा म्हणतात, म्हातारपणी तिरडीवर झोपून अवलक्षण करून घेऊ नकोस. मी म्हटलं, आजवर पलंगावर झोपून तरी कुठे सुलक्षण झालं. तुझ्या मंडळींची जेवणं आमच्याकडे. असतील शितं तर जमतील भुतं, तेव्हा तांदूळ जास्तीचे काढून ठेवलेत.

आत्या

—

उरण, ९ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,

घरी पोचलो. चिखल अजून कानात आहे. सगळे तुझ्या तिसऱ्यांची (शिंपल्यांची, तिसऱ्या दिवसाची नव्हे) आठवण काढतायत.

तिरडी उचलली तेव्हा तुमच्या आळीच्या बाया अशा रडल्या, की मी ‘कट’ म्हटलं तरी थांबेनात. नंतर त्यांना विचारलं, एवढं खरं रडू कसं आलं, तर एकीने मलाच झापलं, “रराला काय कमी कारनं हायत काय रं आमाला?” एकच घोटाळा झालाय. पाय जवळून मोठे दिसतात तिथे मयताच्या डाव्या पायाचा अंगठा हलतोय. डास चावत होते हे मान्य, पण तू मेलेली होतीस. पुन्हा करायचं तर पाणी भरलं होतं. कुलदीप म्हणतो, अंगठ्याकडे कोण बघतंय.

कल्पिता अजून शरमलेली आहे. तिरडीवरचं पातळ अंगावर घेताना तू “याला फॉल नाय?” म्हणून विचारलंस, आणि ती बोलून गेली, “मेलेल्या बाईच्या साडीला फॉल कशाला, आत्या?” तू हसलीस म्हणून बरं. तिने तुझी माफी मागितलीय.

आता अवघड गोष्ट. धवला फार लांब आहे. कुलदीपचं म्हणणं, चिखलातून उठलीस की दोन ओळी, लगेच किंकाळी, आणि अंधार. नाहीतर लोक घाबरायचे सोडून ऐकत बसतील. ज्या महोत्सवांना सिनेमा पाठवायचा तेही लांब गाणं बघून नाक मुरडतील. त्याचं चुकीचं नाही, आणि तुला दिलेला शब्दही आहे. मी रोज कापतो आणि रोज परत जोडतो. भुताचा सिनेमा करायला निघालो होतो, आता आपण काय करतोय तेच मला कळेनासं झालंय. आत्या, थोडासा कापू का?

आणि एक विचारायचं राहिलं. शूटिंगच्या वेळी तू मला दर थोड्या वेळाने विचारत होतीस, “बाळ्या बघेल ना रं हा?” तो बघू नये असं तुला वाटतंय की बघावा असं?

निकेत

—

बोर्ली पंचतन, १८ जानेवारी

निकेत,

एकदा बापाने कापला, आता लेक कापतो म्हणतोय. खाण तशी माती. काप बाबा, सुरी तुझ्या हातात आहे. पण मग माझं नाव पाटीवर लावू नकोस आणि पुन्हा आत्या म्हणून पत्रही लिहू नकोस.

रागावले होते, म्हणून पेन ठेवलं आणि चहा पिऊन पुन्हा बसले. नीट सांगते. हा धवला मी तुझ्या सिनेमासाठी म्हटला नाही. त्या चिखलात उभी राहून मी जागृतीच्या हळदीचा राहिलेला धवला पुरा केला. जिथे तुटला होता तिथे आले तेव्हा माझा आवाज कापला, तो तुझ्या कुलदीपला अभिनय वाटला. आता लोक घाबरोत की झोपोत, मला त्याचं काय.

कल्पिताला सांग, माफी कसली, पोर बरोबर बोलली. मयताच्या पातळाला फॉल-पिको कोणी करत नाही. दुकानातून आणायचं, घडी मोडायची आणि घालायचं.

आता माझं एक काम कर. परवा पाणवठ्यावर माझ्या डोक्यावर कावळा बसला. तुम्ही शिकलेली माणसं हसाल, पण आपल्याकडे कावळा डोक्यावर बसला की जवळच्या माणसाला मेल्याची खोटी बातमी धाडतात. तो रडला की वरचं संकट टळतं. रडणाऱ्याला मात्र बातमी खरी वाटली पाहिजे, नाहीतर काही उपयोग नाही. तुझ्या सिनेमात माझं मयत आहेच. ते बाळ्याच्या नजरेस पडू दे, आणि तू मधे तोंड घालून ‘बाबा, हा सिनेमा आहे’ असं सांगू नकोस. एवढंच मागते.

आत्या

—

उरण, २१ मार्च

प्रिय आत्या,

धवला पुरा ठेवलाय. कुलदीप दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. महोत्सवांची उत्तरं आली आणि सगळ्यांनी नको म्हटलंय. एकाने लिहिलं, हा भयपट आहे की लग्नाची व्हिडिओ कॅसेट हे आमच्या परीक्षकांना ठरवता आलं नाही. खरं सांगू, मलाही ठरवता आलेलं नाही. थिएटरवालेही दारात उभं करत नाहीत, म्हणून आपल्या इथल्या लग्नाच्या हॉलमध्ये पडदा बांधून आम्हीच सिनेमा लावणार आहोत. मे महिन्यात हॉल एक दिवस रिकामा आहे. स्पीकर जागृतीताईच्या हळदीतला डीजेवालाच देतोय.

तुझ्या कावळ्याचं मला पटलेलं नाही. बापाला खोटं मयत दाखवून रडवायचं हे पाप आहे की पुण्य? मी ठरवलं होतं, सरळ सांगून टाकायचं. पण झालं भलतंच. कुलदीपने जाहिरातीसाठी तिरडीच्या प्रसंगाचा तुकडा फोनवर टाकला, त्यावर सिनेमाचं नाव लिहायला विसरला, आणि तो तुकडा नुसताच फोनाफोनी फिरला. लोकांना वाटलं, कोणाच्या तरी घरचं खरंच आहे. बाबांनी तो आपल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या फोनवर बघितला. तो सांगत होता, शेटनी तीनदा लावायला लावला, मग म्हणाले, “जरा मोठा कर, पायाकडं.” मग फोन परत दिला आणि न जेवता खळ्यात जाऊन बसले.

मला राहवलं नाही. मी गेलो आणि म्हटलं, “बाबा, काशीआत्याचं जे आहे ना...” तर त्यांनी हात वर केला. “मला काय सांगू नको.” संध्याकाळी पुन्हा गेलो. “बाबा, ऐका तरी, तो आमचा...” “सांगितलं ना, एक अक्षर बोलू नको!” आईला विचारलं तर ती म्हणते, तुझा बाप आणि तुझी आत्या हे एकाच मातीचे दोन माठ आहेत, मी मधे हात घालत नाही.

ते दुःखात आहेत की रागात, मला काही म्हणजे काही कळत नाही. आत्या, मी काय करू?

निकेत

—

बोर्ली पंचतन, २९ मार्च

निकेत,

तू काही करू नकोस. तुला तेवढंच नीट जमतं, तेच कर.

इथे माझी काय तऱ्हा चाललीय ती ऐक. आळीच्या बायांना ठाऊक आहे, त्या हसतात. पण लांबच्या माणसांनी तो तुकडा बघितला. माणगावची माझी नणंद सोनूबाई परवा रडत रडत आली, डोक्यावर पदर, हातात पिठल्याचा टोप आणि भाताचा डबा. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून घेऊन आली बिचारी. दार मीच उघडलं. ती टोपासकट मागे झाली. मग मला शिव्या घातल्या, मग मिठी मारली, मग पुन्हा शिव्या. तोवर तुझे आतोबा ताट घेऊन बसले होते. म्हणाले, आणलंय तर वाया कशाला घालवायचं. स्वतःच्या बायकोच्या मरणाचं पिठलं त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

सोनूबाई आली. दिव्याहून भाचा आला. पूर्वी शेजारी राहत होते ते मास्तरही काठी टेकत येऊन गेले. बाळ्या आलेला नाही. बातमी बघून आठवडा उलटून गेला, तुझ्या पत्राची तारीखच सांगते.

आता मला भीती वाटते. मी गंमत म्हणून दार उघडलं आणि आतून भलतंच काही बाहेर आलं असं झालंय. मी धरून चालले होते, की मेल्यावर तरी तो येईल. तो आधार होता रे मला, तू हसशील. आता तो मयतालाही आला नाही, तर उरलेले दिवस मी कशाच्या बळावर काढू? उगाच विचारलं म्हणायची वेळ आली. झाकली मूठ होती ती बरी होती.

रोज सकाळी पहिली गाडी येते तेव्हा मी ओट्यावर बसते. आतोबांना सांगते, चिंचा फोडायला उजेड बरा पडतो.

आत्या

—

उरण, ४ एप्रिल

आत्या,

घाईत लिहितोय. बाबा काल पहाटे घरातून गेले. काखेत पिशवी होती. आईला फक्त एवढंच म्हणाले, “मयताला चाललोय.” मी मागे धावलो, “बाबा, थांबा, आत्या जिवंत आहे!” असं ओरडलोसुद्धा, पण त्यांनी बहिऱ्यासारखं केलं आणि रिक्षात बसले. आतोबांना फोन केला, तर ते म्हणाले, हो हो, सांगतो, आणि काय सांगायचं ते न ऐकताच ठेवला.

आज दुपारी बाबा परत आले. पिशवी नव्हती. जेवले, झोपले, उठून गुणगुणत ट्रेलर धुतला. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, “कुठं काय?”

तिथे काय झालं ते कळव. तुला बघून त्यांना धक्का बसला का? तुमचं भांडण झालं का? मला इथे कोणीच काही सांगत नाही.

निकेत

—

बोर्ली पंचतन, १२ एप्रिल

निकेत,

आला रे. तुझा बाप आला.

मी विळीवर चिंचा फोडत होते. फाटक वाजलं, बघते तर बाळ्या. वाळलाय किती! तो सावकाश आला, चप्पल काढली, पहिली पायरी चढला आणि थांबला. माझ्याकडे बघितलं, म्हणाला, “बाय...” आणि तिथेच पायरीवर बसून मोठ्याने रडायला लागला. लहानपणी खाडीत पडला होता तेव्हा रडला होता, तसा.

मी घाबरले. म्हटलं, “अरं बाळ्या, मी जिती हाय!”

“दिसतंय,” तो म्हणाला आणि आणखी रडला.

मग मीही रडले. किती वेळ ते ठाऊक नाही. आतोबांनी चहा आणला, तो गार झाला. रात्री बोंबलाचं कालवण केलं, तर मीठ कमी म्हणाला. मिठागरवाल्याच्या पोराला कुठलंही मीठ कमीच. जागृतीच्या पोरांच्या गोष्टी झाल्या, ट्रेलरच्या झाल्या. हळदीबद्दल मात्र एक अक्षर नाही, धवल्याबद्दल नाही. मीही काढलं नाही. सकाळी निघताना पिशवीतून कागदात बांधलेलं पातळ काढून पाटावर ठेवलं. “बोलल्याप्रमानं आनलाय,” एवढंच म्हणाला.

तो गेला आणि माझा आनंद कुठेतरी खचला. ऐक, कावळा-बिवळा काही बसला नव्हता माझ्या डोक्यावर. तो मी बनवला, तू गप्प बसावंस म्हणून. बिचारा दुकानात जाऊन बहिणीच्या मयताचं पातळ मागताना त्याला काय वाटलं असेल? दुकानदाराने विचारलं असेल, कोणासाठी, कुठल्या रंगात? मी त्याला फसवून रडवलं. भाऊ मिळाला, पण लबाडीने मिळाला. पुढे त्याला कळलं की मी हे मुद्दाम केलं, तर पुन्हा हात झटकेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

ते पातळ मी उलगडलेलं नाही. मरणाचं पातळ जितेपणी कोण उलगडतं? कागदासकट ट्रंकेत तळाशी ठेवलंय. खरी मरेन तेव्हा काढा.

तुझ्या सिनेमाला मी येत नाही. आतोबांचा गुडघा सुजलाय हे कारण सांग. खरं कारण तुला कळलंच असेल. त्याच गावात, त्याच डीजेच्या स्पीकरवर माझा धवला लागणार आणि बाळ्या शेजारी बसणार, हे मला बघवणार नाही. मधेच उठून गेला तर?

आत्या

—

उरण, १९ मे

प्रिय काशीआत्या,

सिनेमा काल लागला. सावकाश लिहितो, कारण माझ्या डोक्यात अजून सगळी गुंतागुंत आहे.

हॉल भरला. आपल्या माणसांनी लग्नाचं आमंत्रण असल्यासारखे कपडे केले होते आणि दोघांनी तर आहेराची पाकिटंही आणली. सुरुवातीला पोरं हसली. तिरडीच्या वेळी मागून आवाज आला, “अरं, अंगठा हालतंय!” म्हणजे अंगठ्याकडे सगळे बघतात. कुलदीपने डोक्याला हात लावला. बाबा शेवटच्या रांगेत, डीजेवाल्याच्या टेबलाशेजारी बसले होते. मला वाटलं, लवकर निघायचं असेल म्हणून तिथे बसलेत.

तू चिखलातून उठलीस, धवला सुरू झाला. कोणी घाबरलं नाही. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या तुझ्याबरोबर हळू आवाजात म्हणायला लागल्या. मी दारात उभा होतो. तेवढ्यात बाहेर गाड्या थांबल्या आणि हार, शाल, माणसं घेऊन पुढारी आले. आत्या, तेच, हळदीला आलेले. त्यांना कोणी बोलावलं मला माहीत नाही. हॉलवाला पुढे धावला, दिवे लावा म्हणाला. डीजेवाल्याचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि तुझा आवाज बारीक व्हायला लागला.

बाबा उठले. मला वाटलं, चालले. त्यांनी डीजेवाल्याचा हात मनगटाला धरला आणि बटण परत वर नेलं. मग दिव्याच्या अर्धवट उजेडात, पुढाऱ्यांच्या समोर जाऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “साहेब, बसा जरा. माजी बहीन गातेय. तिचा एक धवला माज्या हातून तुटलाय, आता दुसऱ्यांदा तुटू देनार नाय. पुरा होवंदे, मंग काय हार घालायचं ते घाला.”

पुढारी बसले. प्लास्टिकच्या खुर्चीत, हार मांडीवर घेऊन. दिवे पुन्हा बंद झाले. आणि तुझा धवला शेवटच्या ओळीपर्यंत पुरा झाला, आत्या. बाबा तोवर डीजेच्या टेबलाशी उभेच होते, बटणावर हात ठेवून.

नंतर लोक विचारत होते, पुन्हा कधी लावणार. एक बाई म्हणाली, रडून रडून बरं वाटलं. माझा भुताचा सिनेमा पडला की चालला, मला अजून समजत नाही. कुलदीप तर आता म्हणतो, गाणं ठेवायची कल्पना त्याचीच होती.

घरी येताना मी बाबांना सगळं सांगून टाकलं. तुझा कावळा, तुझं पत्र, सगळं. तू ओरडशील, पण मला ते ओझं सोसवत नव्हतं. ते चालता चालता हसले. म्हणाले, “तिचे कावले मी लहानपनापासून वलखतो. आनि मेलेल्या बाईचा अंगठा हालतो काय रं?”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? मग मला का सांगू दिलं नाही?”

“तू सांगितलं असतास तं मला जाताच आलं नसतं. मयताला येईन बोललो होतो. मयत बघितला, गेलो. शब्द मोडला काय?”

“आणि मग रडलात कशाला?”

“रराला मानूस मेलेलाच लागतो काय?” एवढं म्हणून ते पुढे निघाले. फाटकाशी थांबले आणि जरा लाजत म्हणाले, “बायला लिव. इचार, पातळाचा फॉल नीट बसला काय. टेलरला चारदा परत द्यायला लावलाय. पायात आला तं पडंल ती.”

मी रात्रभर त्याच वाक्यावर अडलो होतो. सकाळी कल्पिताचं बोलणं आठवलं. मेलेल्या बाईच्या साडीला फॉल कशाला?

आत्या, ट्रंक उघड. ते पातळ मरणाचं नाही, नेसायचं आहे. नेसून बघ आणि फॉल कसा बसलाय ते लगेच कळव. बाबा सकाळपासून मला दोनदा विचारून गेलेत.

तुझा,
निकेत